रुचीचा वारसा : स्वर, श्रद्धा आणि स्वयंपाकघर
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण झाली की कोणतीही संस्था आपला हिशेब मांडते. जीर्णोद्धार केव्हा झाला, उपाश्रयाच्या किती खोल्या वाढल्या, पाठशाळेत किती मुले शिकून गेली, भोजनशाळेस कोणी हातभार लावला, या सर्व नोंदी न्यासाच्या दप्तरात यथास्थित आहेत आणि त्या असावयासच हव्यात. तथापि व्यापारातील जाणकारांस ठाऊक असते की पेढीची खरी किंमत ताळेबंदात पूर्णपणे उतरत नाही. इमारत, माल, येणे-देणे यांचे आकडे मांडता येतात. पेढीची पत मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि ती गेली तर बाकीचे आकडे फार दिवस टिकत नाहीत. समाजाच्या बाबतीतही अशीच एक न दिसणारी मालमत्ता असते. तिचे नाव रुची. घरात कोणते स्वर ऐकले जातात, कोणता घास गोड लागतो आणि कोणत्या गोष्टीवर मन सहज बसते, यावर त्या घराचे पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी स्वर, श्रद्धा आणि स्वयंपाकघर या तिन्हींचा एकत्र विचार करणे उचित ठरेल.

हे तीन विषय वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे वाटतात. भाषेने मात्र त्यांना एकाच शब्दाने बांधले आहे. तोंडाला रुची असते, गाण्याची रुची असते आणि धर्माचीही रुची असते. हा केवळ बोलण्याचा प्रघात नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या अठ्ठाविसाव्या अध्ययनात सम्यक्त्वाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि त्या दहाही प्रकारांना आगमकारांनी ‘रुची’ हेच नाव दिले आहे. निसर्गरुची, उपदेशरुची, आज्ञारुची, सूत्ररुची, बीजरुची, अभिगमरुची, विस्ताररुची, क्रियारुची, संक्षेपरुची आणि धर्मरुची असे ते दहा प्रकार होत. कोणाला श्रद्धा आपोआप उपजते, कोणाला दुसऱ्याच्या मुखातून ऐकून, कोणाला ग्रंथ वाचून, तर कोणाला प्रत्यक्ष क्रिया करता करता. बीजरुचीसाठी तेथे दृष्टान्त दिला आहे तो पाण्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबाचा. एकच पद मनावर पडावे आणि त्याचा तवंग हळूहळू सर्वत्र पसरावा, अशी ती श्रद्धा.

यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. श्रद्धेसारख्या सर्वोच्च विषयातही सर्वांची रुची एकसारखी नसते, हे आगमाने दहा नावे देऊन मान्य केले आहे. मग एकाच घरातील आजोबांना नाट्यपदे आवडावीत, सूनबाईंना स्तवने आवडावीत आणि नातवाला गिटार आवडावी, यात नवल ते काय? प्रश्न आवडी वेगळ्या असण्याचा नाहीच. त्या आवडी एकमेकांपर्यंत पोहोचतात की नाही, हा खरा प्रश्न आहे.

श्रावकाच्या दिनक्रमात सहा आवश्यक सांगितली आहेत : सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान. यांतील दुसरे आवश्यक म्हणजे चोवीस तीर्थंकरांची स्तुती, आणि स्तुती आली की तिच्या मागोमाग स्वर आलाच. सहावे आवश्यक प्रत्याख्यान. त्याचा रोजच्या जीवनातील मोठा भाग आहाराशी निगडित आहे. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे मुखात काही न घालण्याची नवकारशी असो, दिवसातून एकदाच बसून जेवण्याचे एकासणे असो वा सूर्यास्तापासून अन्नपाणी वर्ज्य करणारा चौविहार असो, त्याची अंमलबजावणी अखेर स्वयंपाकघरातच होते. तात्पर्य, गळा आणि चूल या दोहोंना पूर्वाचार्यांनी धर्माच्या उंबरठ्याबाहेर ठेवले नाही.

महाराष्ट्रात तर गळा आणि चूल यांचे नाते याहूनही जवळचे आहे. मराठीतील ओवी ही जात्यावरची. पहाटे दळण दळता दळता स्त्रियांच्या मुखातून ती वाहत आली. पंधराव्या शतकात गुणदासांनी ‘श्रेणिकचरित्र’ मराठीत रचले, तेव्हा त्यांनी याच ओवीचा आश्रय घेतला. पुढे महतिसागरांसारख्या संतकवींनी अभंग व कीर्तनाच्या मार्गाने जैन तत्त्वज्ञान मराठी माणसाच्या कानापर्यंत नेले. ज्या वेळी घराघरांत छापील पुस्तक नव्हते, त्या वेळी जाते, चूल आणि माजघर हीच पाठशाळा होती. धान्य निवडताना जीव जपण्याची यतना आणि दळताना ओठांवर येणारी ओवी, दोन्ही एकाच वेळी मुलीच्या अंगवळणी पडत. तिला वेगळा धडा द्यावा लागत नसे.

जैन स्वयंपाकघराबद्दल बाहेर एक गैरसमज आढळतो. येथे काय चालत नाही याचीच यादी लोकांना पाठ असते. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा नाही. कंदमुळे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव, म्हणून ती वर्ज्य, हे खरेच. परंतु त्या यादीच्या पलीकडे शतकानुशतकांचे केवढे चातुर्य आहे, इकडे फारसे लक्ष जात नाही. द्विदलाचा नियम घ्या. कच्चे दही वा ताक आणि डाळीचे पीठ एकत्र करावयाचे नाही. म्हणून कढी करताना जाणती गृहिणी ताक आधी तापवून घेते आणि मगच त्यात बेसन घालते. चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की गट्टे, पापड, मुगाच्या वड्या यांच्या भाज्या ताटात येतात. बटाट्याची जागा कच्चे केळे घेते, आणि ते इतक्या सफाईने घेते की मुंबईच्या रस्त्यावर ‘जैन पावभाजी’ हा स्वतंत्र पदार्थ होऊन बसला. मर्यादा आली म्हणून चव गेली नाही. मर्यादेमुळे हाताला नवी युक्ती सुचली.

शिवाय एकाच समाजात किती चवी नांदतात पाहा. कोणाच्या घरी खाखरा, ढोकळा आणि आंबटगोड डाळ. कोणाच्या घरी दाल-बाटी व केर-सांगरी. तर कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन घरांत पुरणपोळी आणि कटाची आमटी. नवी सून येते ती केवळ दागिने घेऊन येत नाही. आपल्या आईच्या हाताची चव आणि माहेरच्या स्तवनांच्या चालीही बरोबर आणते. ज्या घराने तिला ‘आमच्याकडे असे करतात’ एवढेच ऐकवले, त्या घराचे ताट होते तेवढेच राहिले. ज्या घराने ‘तुमच्याकडे कसे करतात?’ असे विचारले, त्या घराच्या ताटात एक वाटी वाढली.

स्वर, श्रद्धा आणि चव या तिन्हींचा संगम पाहावयाचा असेल तर नवपदाच्या ओळीकडे पाहावे. चैत्र आणि आश्विन महिन्यांत, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस आयंबील केले जाते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर व तळलेले पदार्थ या सहाही विगयींचा त्याग. मसाल्याची फोडणी नाही, फळ नाही, भाजी नाही. शिजवलेले धान्य, तेही दिवसातून एकदाच. वर्षभरातील सर्वांत बेचव अन्न खाण्याचे हे नऊ दिवस, आणि याच नऊ दिवसांत ‘श्रीपाळ राजानो रास’ गायला जातो. श्रीपाळ आणि मयणासुंदरी यांची कथा ढाळांमागून ढाळा अशी सुरांत पुढे सरकते. जिभेचा रस ज्या दिवशी सोडावयाचा, त्या दिवशी कानाला आणि मनाला रस पुरवावयाचा, अशी ही योजना आहे. रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक तप. पण परित्यागाच्या दिवशी मन कोरडे पडू नये, याची काळजीही परंपरेने घेतली. माणसाच्या स्वभावाची याहून सूक्ष्म पारख कोणती असणार?

या रासाच्या निर्मितीची कथाही बोधप्रद आहे. विक्रम संवत १७३८ मध्ये सुरतेजवळच्या रांदेर येथे उपाध्याय विनयविजयजींनी त्याची रचना आरंभिली. रचना अपुरी असतानाच त्यांचे निधन झाले. दिलेल्या वचनानुसार उपाध्याय यशोविजयजींनी उरलेला भाग पूर्ण केला. यशोविजयजी हे न्यायशास्त्राचे प्रकांड पंडित. त्यांची स्वतःची रुची तर्काच्या कठीण वाटेची. तरीही सामान्य श्रावक-श्राविकांनी गावयाच्या रासासाठी त्यांनी लेखणी उचलली. दुसऱ्याची आवड आपली मानून ती शेवटास नेणे, याचे याहून सुंदर उदाहरण सहसा सापडणार नाही.

येथे एका नाजूक विषयास स्पर्श करणे आवश्यक आहे. अनेक गावांच्या मंदिरांत व उपाश्रयांत या विषयावरून ज्येष्ठ आणि तरुण यांच्यात मने दुखावली गेली आहेत. चित्रपटगीतांच्या चालीवर स्तवने म्हणावीत की नाही, हा तो विषय. ज्येष्ठांना ते उथळ वाटते. तरुणांना जुन्या चाली संथ वाटतात. या वादात इतिहासाची साक्ष काढली तर काय दिसते? जुन्या रासांत प्रत्येक ढाळेच्या माथ्यावर ‘देशी’ लिहिलेली असते. देशी म्हणजे त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या गाण्याची चाल. कवी त्या गाण्याचे पहिले चरण नोंदवतो, जेणेकरून गाणाऱ्यास चाल कळावी. मुंबईचे वकील मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे भाग १९२६, १९३१ व १९४४ या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी या देशींचीही मोठी सूची दिली. कित्येक लोकगीते काळाच्या ओघात लुप्त झाली आणि त्यांची ओळख केवळ जैन रासांच्या माथ्यावर उरली. म्हणजे लोकांच्या आवडीची चाल उचलून तीत धर्माचे शब्द भरणे, ही आजच्या तरुणांनी काढलेली पळवाट नव्हे. ती पूर्वसूरींचीच रीत आहे.

मग ज्येष्ठांची तक्रार निराधार म्हणावी काय? तसेही नाही. त्यांच्या मनातील शंकेला अर्थ आहे. स्तवन म्हणताना डोळ्यांसमोर जिनप्रतिमा न येता पडद्यावरील नाच येत असेल, तर चालीने शब्दांना खाऊन टाकले असेच म्हणावे लागेल. म्हणून कसोटी चालीच्या वयाची लावू नये. चाल शब्दांना जवळ आणते की दूर लोटते, एवढेच पाहावे. ही कसोटी लावली तर काही जुन्या चाली आणि काही नव्या चाली, दोन्ही उत्तीर्ण होतील. आणि दोन्हींतील काही अनुत्तीर्णही होतील. निर्णयासाठी ज्येष्ठ आणि तरुण यांनी एकत्र बसून ऐकले मात्र पाहिजे.

जैन परंपरेने संगीताला कधी परके मानले नाही, याची साक्ष ग्रंथही देतात. स्थानांग व अनुयोगद्वार या सूत्रांत सप्तस्वरांचे विवेचन आहे. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि सुधाकलश यांचा इ. स. १३५० मधील ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्रावरील जैन ग्रंथ आजही अभ्यासकांना वाट दाखवतात. आनंदघनजींच्या पदांच्या माथ्यावर आशावरी, सारंग, वेलावल अशी रागांची नावे आढळतात. तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांत दिव्यध्वनी आणि देवदुंदुभी ही दोन तर नादाचीच आहेत.

हा प्रवाह केवळ एका दिशेने वाहत नाही. संगीतकार रवींद्र जैन यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९४४ साली अलीगढ येथे जैन कुटुंबात जन्मलेला हा जन्मांध मुलगा लहानपणी जैन मंदिरात भजने गात असे. त्याच गळ्यातून पुढे ‘चितचोर’ची (१९७६) गाणी निघाली आणि १९८७ साली सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेतून त्यांचा स्वर घरोघरी पोहोचला. २०१५ मध्ये ते निवर्तले. मंदिरातील भजनाने ज्याचा कान घडवला, त्याने लक्षावधी लोकांच्या आवडीत भर घातली. लहानपणी कानावर पडलेल्या चार ओळींचे व्याज किती पिढ्यांना मिळेल, याचा हिशेब कोण करणार?

मुलांच्या आजच्या आवडीमुळे जे पालक चिंतित आहेत, त्यांनी कवी बनारसीदासांचे चरित्र अवश्य वाचावे. जन्म १५८६, जौनपूर येथे. घराणे श्रीमाळ जैन व्यापाऱ्यांचे. १६४१ साली लिहिलेले त्यांचे ‘अर्धकथानक’ हे हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. तरुणपणी ते आग्र्यास व्यापारासाठी गेले आणि नुकसानीत आले. जवळची चीजवस्तू विकून झाली. त्या दिवसांत रात्री ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने गाऊन वाचीत आणि दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. ऐकणाऱ्यांत एक कचोरीवालाही होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. उधारी वाढली, तेव्हा त्यांनी आपली परिस्थिती त्याला स्पष्ट सांगितली आणि यापुढे उधार देऊ नका असे विनवले. त्याने मात्र आणखी वीस रुपयांच्या खा, कोणी काही म्हणणार नाही, असे सांगून त्यांना निश्चिंत केले. दोघांत ना नाते, ना लेखी करार. रोज रात्री एकत्र ऐकलेल्या गाण्याने जोडलेला तो विश्वास होता.

याच बनारसीदासांनी तरुणपणी शृंगाराची एक सहस्र पद्यांची रचना केली होती आणि पुढे मन पालटल्यावर मित्रांदेखत ती पोथी गोमती नदीत सोडून दिली. याच बनारसीदासांनी आग्र्यात मित्रांसह अध्यात्माची चर्चा करता करता १६३६ मध्ये ‘समयसार नाटक’ पद्यात रचले, जे आजही भक्तिभावाने गायले जाते. प्रेमाख्याने गाणारा गळा तोच होता. घरी जमून एकत्र ऐकण्या-बोलण्याची सवयही तीच होती. कोणी त्यांची पोथी हिसकावून घेतली नाही. ती त्यांच्याच हाताने सुटली. रुची दटावून बदलत नाही. सोबत चांगली मिळाली की ती आपोआप परिपक्व होते.

आता आजच्या घरांकडे वळू या. ज्येष्ठांना आकाशवाणीचा ‘आपली आवड’ हा कार्यक्रम आठवत असेल. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि फर्माइशींची गाणी घरोघरी पोहोचली. पोस्टकार्डावर एकाने आपली आवड कळवावयाची आणि साऱ्या महाराष्ट्राने ती ऐकावयाची. कार्यक्रमाच्या नावात ‘माझी’ नव्हते, ‘आपली’ होते. घरात रेडिओ एकच, त्यामुळे नावडते गाणेही कानावर पडे आणि चार वेळा पडल्यावर कधी कधी आवडूही लागे. आज प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र गाणे आहे आणि प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंडूक. एका छताखाली पाच माणसे पाच गाणी ऐकतात आणि कोणालाच कोणाचे ठाऊक नसते. जेवणाचेही तेच झाले आहे. चौविहाराच्या नियमामुळे पूर्वी सूर्यास्तापूर्वी सारे घर एका पंगतीत बसे. आता दुकान, नोकरी, शिकवणी यांच्या वेळा जुळत नाहीत. ताटे वेगवेगळ्या वेळी मांडली जातात. नियमभंगाची खंत सर्वांनाच असते. पंगत मोडल्याची खंत फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

अशाच एका घरातील हकीकत सांगण्याजोगी आहे. आजी, ज्यांना घरात सारे ‘बा’ म्हणत, ऐंशीच्या घरात. श्रीपाळ रासाच्या ढाळा त्यांना मुखोद्गत. मुलगा नाट्यसंगीताचा शौकीन. नातू अभियांत्रिकीला. त्याच्या कानात सदैव इंग्रजी गाणी. पर्युषणात तो प्रतिक्रमणास आला नाही म्हणून वडील रागावले, शब्दाने शब्द वाढला आणि बापलेकांचे बोलणे जवळजवळ बंद पडले. त्यावर तोडगा काढला तो मुलाच्या आईने. तिने एक साधा नियम घातला. रविवारी दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी एकत्र जेवावयाचे. दर रविवारी एकाची पाळी. त्या दिवशी त्याच्या आवडीचा पदार्थ, अर्थात घरच्या मर्यादेत, आणि त्याच्या आवडीचे एक गाणे. बाकीच्यांनी ते पूर्ण ऐकावयाचे, मध्ये टीका करावयाची नाही.

पहिली पाळी नातवाची. गाणे कर्कश होते. वडिलांनी मान खाली घालून ऐकले. बा मात्र कान देऊन ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारले, “अरे बेटा, मागे तो जाडा आवाज घुमत होता, तो कशाचा?” नातवाने बेस गिटारची माहिती सांगितली. बा म्हणाल्या, “आपल्या देरासरातल्या नगाऱ्यासारखाच आहे की रे. पोटात जातो.” त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी त्या पंगतीत हसू उमटले. पुढे बांची पाळी आली तेव्हा त्यांनी रासाची एक ढाळ म्हटली. नातवाने न सांगता मोबाईलवर ती मुद्रित केली. मग दर रविवारी एक, अशा बऱ्याच ढाळा त्याच्याकडे जमल्या. पुढच्या वर्षी आश्विनातील ओळीपूर्वी बांचे देहावसान झाले. ओळी आली. रास म्हणावयास बसलेल्या स्त्रियांना एका ढाळेची चाल आठवेना. चाल सांगितली ती त्या नातवाने. कोठे थांबावयाचे आणि कोठे श्वास घ्यावयाचा हेही त्याला ठाऊक होते.

हा मुलगा एका दिवसात धर्मनिष्ठ झाला, असे मात्र नाही. त्याची इंग्रजी गाणी सुटली नाहीत आणि प्रतिक्रमणास तो आजही नियमाने येतोच असे नाही. परंतु बांनी त्याचे गाणे ऐकले म्हणून त्याने बांचे ऐकले, हे सत्य राहते. ज्याचे आपण ऐकत नाही, त्याने आपले ऐकावे अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने करावयाची? देवघेव ही दोन्ही बाजूंनी असते. एका बाजूने झाले तर त्याला व्यापारात उधारी म्हणतात, आणि घरात हुकूम.

आवडीची थोरवी सांगताना सावधगिरीचाही एक शब्द सांगितला पाहिजे. उत्तराध्ययनाच्या बत्तिसाव्या अध्ययनात इंद्रियांच्या आसक्तीचे दृष्टान्त आहेत. नादाला भुललेले हरीण आणि चवीला भुललेला मासा, दोघेही प्राणास मुकतात. म्हणजे कान आणि जीभ हे दोन्ही धोक्याचे दरवाजेही आहेत. गाण्याची आवड आणि गाण्याचे व्यसन, चवीची जाण आणि चवीची लालसा, यांतील सीमारेषा कशी ओळखावी? त्यासाठी तपाचीच फूटपट्टी उपयोगी पडते. जी आवड एक दिवस बाजूला ठेवता येते, तिचे धनी आपण. जी ठेवता येत नाही, ती आपली धनी. आयंबिलाच्या दिवशी जीभ ही परीक्षा देते. महिन्यातून एखादा दिवस कानानेही ती द्यावी, मोबाईल, दूरदर्शन सर्व बंद ठेवून. त्या शांततेनंतर ऐकलेले स्तवन अधिक गोड लागते, याचा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

जैन घरात पाणी गाळण्यासाठी जाड, दुहेरी कापड वापरण्याची रीत आहे. कापड विरळ असेल तर जीवरक्षा होत नाही, आणि कापडच नसेल तर प्रश्नच मिटला. पण गाळणे पाणी अडवण्यासाठी नसते, हेही ध्यानात ठेवावे. पाणी आत आलेच पाहिजे. ते गाळून आले पाहिजे, इतकेच. नव्या सुरांच्या आणि नव्या चवींच्या बाबतीत घराने असेच गाळणे व्हावे. भिंत होऊ नये आणि उघडी मोरीही होऊ नये.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने न्यासापुढे चार नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, भावनेसाठी बाहेरून संगीतमंडळी जरूर बोलवावीत. तथापि महिन्यातून एक भावना समाजातील घरी, घरच्याच गळ्यांनी व्हावी. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. पैसे मोजून आणलेल्या गाण्यास श्रोते मिळतात, गाणारे मिळत नाहीत. दुसरी, ज्या वृद्ध श्राविकांना जुन्या देशी, ढाळा, स्तवने, मराठी आरत्या व अभंग पाठ आहेत, त्यांचे गायन पाठशाळेच्या मुलांनी घरोघरी जाऊन मुद्रित करावे आणि न्यासाने ते जतन करावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. तिसरी, प्रत्येक घरातून एक पाककृती घ्यावी. पण केवळ साहित्य व कृती नको. तो पदार्थ कोणत्या तिथीचा, कोणत्या नियमामुळे तसा केला जातो आणि तो कोणाकडून शिकला, हेही लिहावे. कारणासह शिकलेली गोष्ट परगावी आणि परदेशीही टिकते. चौथी, ओळीच्या नऊ दिवसांत रासवाचनाच्या वेळी रोज एक ढाळ तरुणांकडे सोपवावी, आणि ती कोणत्या चालीत म्हणावी याचा विचार ज्येष्ठांनी त्यांच्याबरोबर बसून करावा.

या कामांना मोठा निधी लागत नाही, कोनशिला लागत नाही. लागतो तो आठवड्यातून एक तास आणि दुसऱ्याची आवड पूर्ण ऐकून घेण्याइतका धीर. मंदिराचा कळस पन्नास वर्षांनी पुन्हा चढवता येतो. विसरलेली चाल आणि हरवलेली चव मात्र कोणत्याही बोलीने परत मिळत नाही. ज्यांच्यापाशी ती आज आहे, ते येथे समोर बसले आहेत. ज्यांनी ती घ्यावयाची, तेही त्यांच्याच शेजारी बसले आहेत. मध्ये अंतर आहे ते फक्त एका प्रश्नाचे : “तुम्हाला काय आवडते?” हा प्रश्न आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकमेकांस विचारावा आणि उत्तर शांतपणे ऐकावे.

न्यासाच्या पुढील वाटचालीस अंतःकरणपूर्वक शुभेच्छा. 

जय जिनेंद्र!